क्लोनसोबत न येणारी फाईल : आवृत्ती-नियंत्रणातील हुकांचा इतिहास

८ जुलै २०२५ रोजी गिट या आवृत्ती-नियंत्रण प्रणालीच्या सुरक्षाविषयक दुरुस्त्या प्रसिद्ध झाल्या. त्यांतील एका त्रुटीचे मूळ एका अदृश्य चिन्हात होते. टाइपरायटरच्या काळापासून चालत आलेले, 'ओळीच्या आरंभी परत या' असे सांगणारे 'कॅरेज रिटर्न' हे ते चिन्ह. प्रकल्पाच्या पोटातील उपप्रकल्पाच्या, म्हणजे सबमॉड्यूलच्या, मार्गाच्या शेवटी हे चिन्ह आले, तर गिट ते जसेच्या तसे नोंदवी आणि पुन्हा वाचताना मात्र गाळून टाकी. लिहिलेला पत्ता एक, वाचलेला पत्ता दुसरा. एवढ्याशा फटीतून, परके भांडार सबमॉड्यूलांसह क्लोन करणाऱ्याच्या लिनक्स किंवा मॅक संगणकावर ते भांडार रचणाऱ्याची स्क्रिप्ट चालू शकत होती. पुढच्याच महिन्यात अमेरिकेच्या सीसा या सायबर सुरक्षा संस्थेने ही त्रुटी हल्लेखोरांनी प्रत्यक्ष वापरलेल्या त्रुटींच्या यादीत समाविष्ट केली.

अनेकांनी ही बातमी वाचली, गिट अद्ययावत केले आणि विषय संपवला. परंतु त्या घातक स्क्रिप्टला नेमके कोठे पोचायचे होते, हे पाहिले की एक जुनी कथा उलगडू लागते. तिला पोचायचे होते 'हुक्स' नावाच्या एका फोल्डरमध्ये. गमतीची गोष्ट अशी की याच फोल्डरबद्दल विद्यार्थी गेली अनेक वर्षे नेमकी उलट तक्रार करत आले आहेत : 'मी हुक लिहिला, माझ्याकडे उत्तम चालतो, पण मित्राने प्रकल्प क्लोन केला की तो त्याच्याकडे जातच नाही!' हल्लेखोर ज्यासाठी फटी शोधत होते, तेच सरळ मार्गाने का मिळत नाही, असे या विद्यार्थ्यांचे गाऱ्हाणे आहे. दोन्ही गोष्टींचे उत्तर एकच आहे आणि ते समजण्यासाठी अर्धशतक मागे जावे लागते.

प्रथम हुक म्हणजे काय, ते पाहू. (मराठीत 'हुकणे' म्हणजे नेम चुकणे; येथे मात्र अर्थ अडकवण्याच्या आकड्याचा आहे.) आवृत्ती-नियंत्रण प्रणाली काही ठरावीक क्षणी, म्हणजे बदलाची नोंद करण्यापूर्वी, नोंद झाल्यावर किंवा बदल सर्व्हरवर पोचल्यावर, क्षणभर थांबते आणि विचारते : या टप्प्यावर कोणी काही अडकवून ठेवले आहे काय? असल्यास ती स्क्रिप्ट चालवली जाते. नोंदीपूर्वीच्या स्क्रिप्टने शून्याखेरीज अन्य निकाल परत केला तर नोंदच थांबते. चाचण्या उत्तीर्ण झाल्या का, संदेशात कामाचा क्रमांक लिहिला आहे का, चुकून पासवर्ड तर फाईलमध्ये राहिला नाही ना, अशी पहारेकऱ्याची कामे हुक करतात.

या कल्पनेचे बीज बरेच जुने आहे. १९७२ साली बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकाइंड यांनी एससीसीएस ही प्रणाली रचली आणि १९७५ मध्ये तिच्यावरील शोधनिबंध प्रसिद्ध केला. तिच्या युनिक्स आवृत्तीत एक छोटी सोय होती. एखाद्या फाईलीवर 'व्ही' नावाची खूण लावली की बदल नोंदवणाऱ्याला बदल-विनंतीचा क्रमांक द्यावा लागे. आणि त्या खुणेपुढे एखाद्या प्रोग्रामचे नाव लिहिले असेल, तर तो प्रोग्राम क्रमांकाची वैधता तपासत असे. ही खूण फाईलीच्या इतिहासातच साठवलेली असे. प्रोग्रामचे नाव इतिहासासोबत राही, पण स्वतः प्रोग्राम यंत्रावर अन्यत्र कोठेतरी असे. आजच्या प्रश्नाचा सारा गुंता या एका खुणेत दिसतो. नियम कोठे लिहायचा आणि नियम राबवणारी स्क्रिप्ट कोठे ठेवायची, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या काळी मात्र हे कोणाला खटकण्याचे कारण नव्हते. सारे जण एकाच यंत्रावर काम करत होते आणि त्या यंत्राचा एक व्यवस्थापक होता.

१९८० च्या दशकात वॉल्टर टिची यांची आरसीएस आली. आपल्या विषयाला तिने फारसे काही दिले नाही. त्यानंतरच्या सीव्हीएसने मात्र बरेच दिले. ॲमस्टरडॅमच्या व्रिये विद्यापीठातील डिक ग्रून यांनी १९८६ मध्ये तिचे पहिले रूप शेल-स्क्रिप्टांच्या संचाच्या स्वरूपात प्रसिद्ध केले. १९८९ च्या सुमारास ब्रायन बर्लिनर यांनी ती सी भाषेत नव्याने बांधली. सीव्हीएसच्या भांडारात 'सीव्हीएसरूट' नावाचे एक प्रशासकीय फोल्डर असे. त्यातील 'कमिटइन्फो' या फाईलीत नोंदीपूर्वी काय चालवायचे ते लिहिलेले असे, 'लॉगइन्फो'मध्ये नोंदीनंतर काय करायचे ते. नोंद होताच साऱ्या गटाला ईमेल जाण्याची पद्धत येथूनच रुळली. मला सर्वांत सुंदर वाटते ते पुढचे : हे फोल्डर स्वतःच आवृत्ती-नियंत्रणाखाली होते! नियम बदलायचा तर ते फोल्डर इतर कोणत्याही फोल्डरसारखे काढून घ्यायचे, बदल करायचा आणि नोंदवायचा. सर्व्हर नवी प्रत लगेच लागू करी. 'चेकआउटलिस्ट' या आणखी एका फाईलीत नाव घातले की हुकाच्या स्क्रिप्टाही त्याच व्यवस्थेत सांभाळता येत.

म्हणजे आज ज्या सोयीसाठी डझनभर साधने आहेत, ती सीव्हीएसमध्ये अंगभूत होती. मग ती पुढे गेली कोठे? त्या सोयीच्या पोटात एक धोका होता. सीव्हीएसरूटमध्ये लिहिण्याची परवानगी ज्याला, त्याला सर्व्हरवर हवी ती आज्ञा चालवण्याची परवानगी आपसूक मिळे. सावध व्यवस्थापक म्हणूनच त्या फोल्डरच्या परवानग्या वेगळ्या आणि आखूड ठेवत.

फेब्रुवारी २००४ मध्ये सबव्हर्जनची १.० आवृत्ती आली आणि तिने पारडे दुसऱ्या बाजूला झुकवले. तिचे हुक सर्व्हरवरील भांडाराच्या 'हुक्स' फोल्डरमध्ये असतात, परंतु त्यांचा इतिहास भांडार ठेवत नाही. तेथे पोचण्यासाठी सर्व्हरवर प्रवेश हवा. नवे भांडार तयार करताच तेथे नमुना-फाईली ठेवलेल्या मिळतात. नाव बदलून त्या कार्यान्वित कराव्या लागतात. शिवाय सबव्हर्जन हुक चालवताना वातावरणातील सर्व चल काढून टाकते, अगदी प्रोग्राम कोठे शोधायचे ते सांगणारा 'पाथ'सुद्धा. हाताने चालवल्यावर बिनतक्रार धावणारी स्क्रिप्ट हुक म्हणून का कोसळते, या कोड्यापायी त्या पिढीतील कित्येकांनी रात्री घालवल्या असतील. हुकांचा इतिहास हवा असणारे व्यवस्थापक त्यांच्यासाठी वेगळे भांडार ठेवत आणि तेथून प्रती सर्व्हरवर नेत.

येथवर एक गोष्ट स्थिर होती. हुक सर्व्हरवर चालत आणि सर्व्हरचा मालक ठरलेला असे. स्क्रिप्ट कोणाच्या यंत्रावर कोणाच्या संमतीने चालते आहे, हा प्रश्नच उद्भवत नव्हता.

एप्रिल २००५ मध्ये तो उद्भवला. लिनक्स कर्नलचे काम २००२ पासून बिटकीपर या खाजगी प्रणालीवर चालत होते. तिचा विनामूल्य वापर बंद झाला आणि लिनस टोरवाल्ड्स यांनी काही दिवसांत गिट उभे केले. त्याच महिन्यात, त्याच कारणाने, मर्क्युरिअल या दुसऱ्या प्रणालीचाही जन्म झाला. दोन्हींत प्रत्येकाच्या संगणकावर संपूर्ण भांडार असते. बदलाची नोंद आता स्वतःच्या लॅपटॉपवर होते, म्हणून नोंदीच्या वेळचे हुकही तेथेच चालतात. आता जरा कल्पना करा : क्लोन करताना हुकही सोबत आले असते तर? कोणा अनोळखी माणसाचा कोड केवळ वाचायला म्हणून आणला, तरी त्याने लिहिलेली आज्ञा तुमच्या यंत्रावर तुमच्या अधिकाराने चालली असती. प्रत पूर्ण होताच चालणारा 'पोस्ट-चेकआउट' हुक त्यासाठी पुरेसा होता.

म्हणून गिटने हुक 'डॉट-गिट' या अंतर्गत फोल्डरमध्ये ठेवले. ते फोल्डर इतिहासाचा भाग कधीच होत नाही. त्या नावाचा मार्ग नोंदवायला गिट साफ नकार देते. मर्क्युरिअलने वेगळ्या वाटेने तेच गाठले : त्याचे हुक 'एचजीआरसी' या संरूपण-फाईलीत लिहिले जातात, ती फाईल क्लोनमध्ये जात नाही, आणि ती अन्य वापरकर्त्याच्या मालकीची असेल तर मर्क्युरिअल तिच्यातील हुकांवर विश्वास ठेवत नाही. एकाच वेळी जन्मलेल्या दोन प्रतिस्पर्धी प्रणाली एकाच निर्णयावर आल्या, हे बोलके आहे. हुक सोबत न येणे ही विसरून राहिलेली सोय नाही. ती एक राखलेली संमती आहे : माझ्या यंत्रावर काय आपोआप चालेल, ते मी ठरवीन.

गिटसोबत नमुना-हुक येत असत. आरंभीच्या प्री-कमिट नमुन्यात ओळीच्या शेवटी राहिलेल्या मोकळ्या जागा पकडल्या जात. पॅच निर्दोष कसा असावा याविषयी कर्नल-विकासक अँड्र्यू मॉर्टन यांनी केलेल्या लेखनाचा त्यात निर्देशही होता. हे नमुने आपोआप चालू नयेत म्हणून त्यांची 'कार्यान्वयन' परवानगी काढलेली असे. पण काही फाईल-प्रणालींना ही परवानगी ओळखताच येत नाही, आणि तेथे नमुने नकळत जागे होण्याचा संभव होता. म्हणून २००८ मधील १.६.० आवृत्तीपासून त्यांच्या नावापुढे 'डॉट-सॅम्पल' हे शेपूट लागले. आजही कोणत्याही नव्या भांडारात ते दिसते.

या बंद दारावर पहिला मोठा धक्का डिसेंबर २०१४ मध्ये बसला आणि तो मराठी वाचकाला विशेष रस वाटावा असा आहे. 'डॉट-गिट' नोंदवायला नकार, पण मोठ्या अक्षराने लिहिलेल्या त्याच नावाचे काय? विंडोज आणि मॅक यांना लहान-मोठ्या अक्षरांतील भेद सहसा जाणवत नाही. मॅकच्या एचएफएस-प्लस प्रणालीत तर युनिकोडमधील काही अदृश्य चिन्हे नावे जुळवताना सोडून दिली जातात. त्यांत शून्य-रुंदीचा विभाजक होता. देवनागरी टंकलेखन करणाऱ्यांना हे चिन्ह परिचयाचे आहे : जोडाक्षर न होऊ देता हलन्त अक्षर सुटे दाखवायचे असेल तर आपण तेच वापरतो. 'गिट'च्या रोमन अक्षरांच्या मध्ये ते घातले की गिटला नाव निराळे दिसे आणि मॅकला तेच. मर्क्युरिअलच्या विकासकांनी हा दोष शोधला. दोन्ही प्रणालींनी तो एकत्रितपणे दुरुस्त केला.

दार बंद ठेवणे आवश्यक होते, हे मान्य. पण दहा जणांच्या गटाला एकच हुक हवा असेल तर त्याने काय करावे? हा प्रश्नही तितकाच खरा आहे. पहिले उत्तर घरगुती होते. प्रकल्पातच एक साधे फोल्डर करायचे, स्क्रिप्टा तेथे ठेवायच्या म्हणजे त्यांचा इतिहास राहतो, आणि प्रत्येकाने एकदा मेकफाईलमधील आज्ञा चालवून त्या प्रती 'डॉट-गिट'मध्ये न्यायच्या किंवा तेथून दुवा जोडायचा. नवा सदस्य ही पायरी हमखास विसरतो. दुसरे उत्तर साच्याचे : नवे भांडार बनताना किंवा क्लोन होताना गिट एका साचा-फोल्डरमधून हुक उचलते आणि ते फोल्डर आपले आपण ठरवू शकतो. पण ही प्रत एकदाच होते. साच्यातील हुक पुढे सुधारला तरी जुन्या भांडारांतील प्रत शिळीच राहते.

मला सर्वांत मनोज्ञ वाटते ते गेरिट या कोड-परीक्षण प्रणालीचे उत्तर. अँड्रॉइडचे काम तिच्यावर चालते. तेथे प्रत्येक नोंदीच्या संदेशात एक 'चेंज-आयडी' लागतो आणि तो विकासकाच्या संगणकावरील 'कमिट-मेसेज' हुक लिहितो. हुक बसवलेला नसेल तर सर्व्हर बदल नाकारतो आणि नकाराच्या संदेशातच हुक उतरवून घेण्याची आज्ञा लिहून देतो. विकासक ती वाचतो आणि स्वतःच्या हाताने चालवतो. नियम सक्तीचा आहे, पण आपल्या घराची कडी आपणच काढायची आहे.

जून २०१६ मध्ये गिटच्या २.९ आवृत्तीने 'कोअर-हुक्सपाथ' ही सोय दिली. आइव्हर आर्नफ्योर्द ब्यार्मासन यांनी ती लिहिली, तेव्हा त्यांच्यासमोर मध्यवर्ती सर्व्हर होता : तेथील साऱ्या भांडारांचे हुक एकाच ठिकाणाहून चालावेत. पण गटांनी तिचा दुसराच उपयोग शोधला. हा मार्ग प्रकल्पातीलच फोल्डरकडे वळवला की प्रती, दुवे, साचे यांपैकी काहीही लागत नाही; हुक सुधारला की पुढच्या 'पुल'सोबत सर्वांकडे पोचतो. प्रत्येकाने क्लोननंतर एक ओळ चालवली की झाले.

या सोयीची किंमत मला एका लहानशा प्रकल्पात कळली. सहकाऱ्याची अर्धवट शाखा केवळ पाहण्यासाठी मी ती चेकआउट केली. त्या शाखेत त्याने पोस्ट-चेकआउट हुक बदलून ठेवला होता. बिचाऱ्याचा हेतू जुन्या तात्पुरत्या फाईली साफ करण्याचा होता. मार्ग चुकला होता आणि माझ्या दुपारभराच्या आकडेमोडीचे निकाल साफ झाले. दोष त्याचा म्हणता येत नाही. मी महिन्यांपूर्वी एक ओळ चालवून संमती दिली होती, पण कशाला? तेव्हाच्या हुकांना दिली असे मला वाटत होते. प्रत्यक्षात त्या फोल्डरमध्ये यापुढे कोणत्याही शाखेत कोणीही लिहील त्या प्रत्येक गोष्टीला दिली होती. प्रकल्पातील फोल्डरकडे हुक्सपाथ वळवण्यापूर्वी एवढे मनाशी स्पष्ट असावे.

२०१४ च्या आसपास तयार साधनांची पिढी आली. येल्प कंपनीत जन्मलेली 'प्री-कमिट' ही चौकट पायथॉनच्या जगात रुजली. तिच्यात प्रकल्पातील एका फाईलीत हुकांची भांडारे आणि प्रत्येकाची नेमकी आवृत्ती लिहिलेली असते. 'इन्स्टॉल' मात्र प्रत्येकाने आपल्या क्लोनमध्ये एकदा करावे लागते. आवृत्ती लिहून ठेवण्याचा लाभ असा की हुक बदलला तर त्या फाईलीतील बदल परीक्षणात डोळ्यांसमोर येतो. जावास्क्रिप्टच्या जगात 'हस्की' लोकप्रिय झाले. त्याच्या आरंभीच्या आवृत्त्या वेगळ्या वाटेने जात : एनपीएम पॅकेज बसवताना आपोआप चालणाऱ्या पायरीतून हुक गुपचूप बसे. विकासकाने फक्त अवलंबित पॅकेजे उतरवायची. पाचव्या आवृत्तीपासून हस्कीने ती पद्धत सोडून हुक्सपाथ स्वीकारला. प्रकल्पाने आपल्या फाईलीत 'प्रिपेअर' ही पायरी उघडपणे लिहावी, अशी रीत आली. तीही इन्स्टॉलच्या वेळी चालतेच, पण निदान वाचता येते.

येथे गिटच्या सावधपणाची मर्यादा दिसते. गिटने पुढचे दार लावून घेतले, पण क्लोननंतर बहुतेक जण विचार न करता 'एनपीएम इन्स्टॉल' करतात आणि त्यात परक्याची स्क्रिप्ट चालू शकते. नोव्हेंबर २०२३ मध्ये पालो आल्टो नेटवर्क्सच्या युनिट ४२ या संशोधन गटाने उघड केलेली मोहीम याच सवयीवर उभी होती : नोकरीच्या बनावट मुलाखतीत उमेदवाराला एक प्रकल्प दिला जाई, तो उतरवून चालवायला सांगितले जाई, आणि एनपीएम पॅकेजातून घातक कोड आत शिरे. गिटहबच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२८ पर्यंत तेथील सर्वाधिक विकासक भारतीय असतील, असा अंदाज आहे. त्यांत पहिली नोकरी शोधणारे विद्यार्थी किती असतील, याचा विचार आपल्याकडील अध्यापकांनी करायला हवा. गिट शिकवताना आपण शाखा आणि मर्ज शिकवतो. क्लोन आणि चालवणे यांतील अंतर क्वचितच शिकवतो.

आणि सक्तीचे काय? स्थानिक हुक 'नो-व्हेरिफाय' हा पर्याय देऊन कोणीही टाळू शकतो. गिटच्या अधिकृत प्रश्नोत्तरांतही स्पष्ट म्हटले आहे की वापरकर्त्यांना खरोखर रोखायचे असेल तर ते सर्व्हरवरच करावे. 'प्री-रिसीव्ह' हुक त्यासाठीच असतो. गिटहबच्या सार्वजनिक सेवेवर आपला असा हुक ठेवता येत नाही, म्हणून ते काम बदल पोचल्यावर चालणाऱ्या स्वयंचलित चाचण्यांकडे गेले. माझ्या मते चांगली वाटणी अशी : नियम सर्व्हरवरील चाचण्यांनी राखावा आणि तीच तपासणी स्थानिक हुकाने, ज्याला हवी त्याला, दहा मिनिटे आधी सांगावी. मग एखाद्याने हुक बसवला नाही तरी प्रकल्पाचे काही बिघडत नाही. त्याचाच वेळ जातो.

ही ओढाताण अजून संपलेली नाही, याचा दाखला मे २०२४ मध्ये मिळाला. सबमॉड्यूल आणि दुव्यांचा मेळ घालून हुक घुसवण्याची आणखी एक वाट सापडली होती. २.४५.१ या दुरुस्त आवृत्तीत ती बुजवण्यात आली आणि जादा खबरदारी म्हणून क्लोन चालू असताना नव्याने अवतरलेला हुक चालवूच नये, असाही एक पहारा बसवला गेला. काही दिवसांतच तक्रारी आल्या. मोठ्या फाईली सांभाळणारे 'गिट-एलएफएस' क्लोनच्या वेळी स्वतःचे हुक बसवते, आणि वापरकर्त्याने ते आधीच विश्वासाने बसवून घेतलेले असते. नव्या पहाऱ्याला घरचा कोण आणि चोर कोण, हे ओळखता येईना. २.४५.२ आवृत्तीत तो जादा पहारा मागे घेण्यात आला. मूळ वाट मात्र बंदच ठेवली गेली.